अक्षरांचा उठाव : पाटी, पोथी आणि पडदा

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्री मी एका पतसंस्थेच्या सहामाही व्याजाचा प्रोग्राम दुरुस्त करत बसलो होतो. दोन वाजून गेले होते. घरातले दिवे घालवलेले, टेबलावरचा दिवाही बंद. समोर काळाकुट्ट पडदा आणि त्यावर रंगीबेरंगी अक्षरे. व्याजाची आकडेमोड मी नव्याने लिहिली आणि आलेली रक्कम प्रोग्रामच्या पुढच्या, जुन्या भागाच्या हवाली केली. त्या जुन्या भागाच्या डोक्यावर माझ्या आधी काम केलेल्या कोणीतरी रोमन लिपीतल्या मराठीत एक ओळ लिहून ठेवली होती : इथे रक्कम पैशांत द्यावी, रुपयांत नाही.

ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पतसंस्थेतून हिशेब बघणाऱ्या बाईंचा फोन आला. "साहेब, चारशे बारा रुपयांचं व्याज चार रुपये बारा पैसे कसं झालं?" दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. पण तोवर चाळीसेक पासबुकांवर नोंदी छापून झाल्या होत्या. त्या बाईंनी प्रत्येक नोंद हाताने खोडली आणि शेजारी सही केली. एक निवृत्त गृहस्थ व्याजाचा आकडा पाहून काही न बोलता घरी निघून गेले होते. त्यांना निरोप पाठवून परत बोलवावे लागले. हे ऐकले तेव्हा मला जास्त वाईट वाटले.

चूक माझी होती, यात वाद नाही. पण ती ओळ दिसली कशी नाही, हा प्रश्न मनातून जाईना. दोन दिवसांनी भर दुपारी मी तीच फाइल पुन्हा उघडली. प्रोग्राममधले शब्द हिरवे, आकडे नारिंगी, मजकूर पिवळा आणि ती सूचनेची ओळ काळ्यावर गडद राखाडी. वाळत आलेल्या ओल्या डागासारखी. माणसाने माणसासाठी लिहिलेली फाइलमधली ती एकमेव ओळ होती आणि नेमकी तीच सगळ्यात पुसट होती. ही रंगयोजना मीच निवडली होती, कारण ती देखणी दिसत होती.

तेव्हापासून पडद्यावरच्या रंगांकडे मी जरा चौकसपणे पाहू लागलो. हा लेख त्या चौकशीचा गोषवारा आहे.

शब्दांची ओळख

ज्यांचा प्रोग्राम लिहिण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी तीन गोष्टी आधी सांगतो. प्रोग्रामर ज्यात लिहितो ते साधन म्हणजे एडिटर. ज्या खिडकीत संगणकाला शब्दांत आज्ञा द्यायच्या आणि शब्दांतच उत्तर घ्यायचे ती खिडकी म्हणजे टर्मिनल. आणि प्रोग्रामच्या मधूनमधून लिहिणारा माणूस पुढच्या माणसासाठी जी टीप लिहून ठेवतो तिला आमच्यात कॉमेंट म्हणतात. संगणक ती वाचत नाही, सरळ ओलांडून पुढे जातो. मी तिला टीपच म्हणेन.

एडिटर प्रोग्राममधल्या शब्दांना त्यांच्या कामाप्रमाणे रंग देतो : आज्ञेचे शब्द एका रंगात, आकडे दुसऱ्या, टिपा तिसऱ्या. हे रंग आणि त्यांच्यामागची पार्श्वभूमी मिळून रंगयोजना होते. अशा शेकडो रंगयोजना आज फुकट मिळतात आणि प्रोग्रामर त्यांवर तासन्‌तास वाद घालतात. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण दिवसाचे आठ-दहा तास ज्या पानाकडे पाहायचे त्याचा कागद आणि शाई कोणती, असा हा प्रश्न आहे.

पोथीतला हिंगूळ

माझे वडील, अण्णा, छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवाळी अंकांच्या हंगामात आमच्या घरात गॅली प्रुफांच्या लांब पट्ट्या पसरलेल्या असत. अण्णा खिडकीपाशी, उजेड डावीकडून येईल असे बसत. लाल पेन्सिल फक्त चुकीच्या खुणेसाठी. एकदा मी हौसेने एका प्रुफावर जागोजाग लाल रेघा मारल्या, तेव्हा रागावण्याऐवजी ते म्हणाले, "अरे, सगळंच लाल केलंस तर कंपोझिटर बघेल काय?"

वाचण्यासाठी रंग वापरणे जुनेच आहे. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत मजकूर काळ्या शाईने आणि श्लोकांचे आकडे, दंड, अध्यायाची समाप्ती हिंगुळाने किंवा गेरूने लाल केलेली आढळते. चुकलेले अक्षर झाकायला त्यावर पिवळी हरताळ लावत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. काही पोथ्यांत मूळ ग्रंथ पानाच्या मध्यभागी आणि त्यावरची टीका वर-खाली, अशी मांडणी असते. तिला त्रिपाठ म्हणतात. टीकेचे अक्षर मुळाहून बारीक असते, पण शाई तीच काळी. टीका दुय्यम मानली तरी ती वाचता यावी, एवढी काळजी लेखनिक घेई.

संगणकावर असे रंग भरण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक तर थेट कोशकार्यातून आला. १९८५ च्या सुमारास आयबीएममधल्या माइक काउलिशॉ यांनी 'लेक्स' नावाचा एडिटर लिहिला, तो 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या संगणकीकरणाच्या कामासाठी. कोशातली एकेक नोंद म्हणजे शीर्षशब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थ, अवतरणे यांची दाट वीण. टंकलेखन चालू असतानाच तो एडिटर मजकुराची फोड करी आणि घटकांना वेगवेगळे रंग देई. पोथीतल्या हिंगुळाचे आणि प्रोग्रामरच्या रंगांचे नाते मी ओढूनताणून जोडत नाही. दोन्ही ठिकाणी गरज एकच होती : दाट मजकुरात डोळ्याला थांबे मिळावेत.

काळा पडदा कुठून आला?

१९९० च्या आसपास आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत. डोळ्यांना गारवा मिळावा म्हणून हिरवा रंग ठेवला आहे, असे आम्हांला सांगितले जाई. ते अर्धेच खरे होते.

त्या काळचा पडदा म्हणजे आतून फॉस्फरचा लेप दिलेली काचेची नळी. मागून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत जिथे आदळे तिथला लेप क्षणभर उजळे. काहीच न काढलेला पडदा काळा असणे ओघानेच आले. सगळा पडदा उजळ ठेवून त्यात काळी अक्षरे कोरायची तर झोत सेकंदाला पुरेशा वेळा फिरायला हवा, नाहीतर उजळ भाग लुकलुकताना दिसतो. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर येणारा हिरवा पडदा सेकंदाला फक्त ५० वेळा रंगवला जाई. लुकलुक लपावी म्हणून त्यात रेंगाळणारा फॉस्फर वापरला होता. मजकूर वर सरकवला की मागे हिरव्या सावल्या राहत. मानवी डोळा दिवसाच्या उजेडात हिरव्या-पिवळ्याच्या आसपास, सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला, सगळ्यात संवेदनशील असतो, म्हणून थोड्या प्रकाशात हिरवे अक्षर चांगले दिसे, हेही खरे. तरीही काळी पार्श्वभूमी यंत्राच्या सोयीची होती. डोळ्याची सोय नंतर चिकटवली गेली.

कागदासारखा पडदा करावा, ही कल्पना दुसरीकडे वाढत होती. झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या 'ऑल्टो' संगणकाचा पडदा उभा, कागदाच्या आकाराचा होता आणि त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरे दाखवता येत. १९८४ च्या मॅकिंटॉशने ती रीत घराघरांत नेली. गंमत म्हणजे १९७८ साली आलेल्या 'व्हीटी-१००' या अतिशय गाजलेल्या टर्मिनलमध्ये पार्श्वभूमी काळी ठेवावी की उजळ, हे वापरणाऱ्याला ठरवता येत असे. आज मोबाइलमध्ये दिसणारे 'डार्क' आणि 'लाइट'चे बटण इतके जुने आहे.

आपल्या पिढीला तरी यात नवल वाटायला नको. आपण सगळ्यांनी अक्षरे गिरवली ती काळ्या पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीने, आणि दोन-तीन वर्षांनी वहीवर आलो. पाटी की कागद, हा वाद आपल्या लहानपणीच एका दप्तरात मिटलेला होता.

उठाव मोजता येतो

अक्षर पार्श्वभूमीपासून किती सुटून दिसते, याला आपण उठाव म्हणतो. तो मोजता येतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याचे सूत्र आहे. दोन रंगांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढायचे. दोन्ही रंग सारखेच उजळ असतील तर उत्तर १ येते. शुद्ध पांढरे आणि शुद्ध काळे असतील तर २१. साध्या मजकुराला किमान ४.५ हवे आणि अधिक काटेकोर पातळीला ७. साडेचारचा आकडा ठरवताना सुमारे ऐंशीच्या वयातली सर्वसाधारण दृष्टी विचारात घेतली आहे.

मी त्या सूत्रात माझा राखाडी रंग घातला. उत्तर आले २.२.

या सूत्रातली कळीची गोष्ट अशी की रंगांचे वजन सारखे नसते. पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाचा उजळपणा १०० धरला तर त्यात सुमारे ७२ वाटा हिरव्याचा, २१ लालचा आणि निळ्याचा जेमतेम ७. म्हणून काळ्यावर शुद्ध हिरव्याचा उठाव १५.३, लालचा ५.३ आणि निळ्याचा फक्त २.४. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. काळ्यावर त्याचा उठाव १९.६, पण तोच पिवळा पांढऱ्यावर आणला की १.१. पांढऱ्या कागदावर हळदीने लिहावे तसे.

टर्मिनलचे दुखणे इथेच आहे. टर्मिनलच्या मूळ रंगसंचात आठ रंग : काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी आणि पांढरा. ही निवड चित्रकाराची नव्हे, हिशेबनिसाची आहे. लाल, हिरवा आणि निळा हे तीन दिवे, प्रत्येक चालू किंवा बंद. दोन गुणिले दोन गुणिले दोन, झाले आठ. पुढे प्रत्येकाची एक उजळ आवृत्ती धरून सोळा. कोणता रंग कशावर वाचता येईल, याचा विचार त्या हिशेबात नाही. लिनक्समध्ये फोल्डरांची नावे निळ्या रंगात दाखवण्याची प्रथा आहे. काळ्या टर्मिनलवर ती वाचताना डोळे फोडावे लागतात, असे नवखा माणूस कुरकुरतो तेव्हा तो बरोबर असतो. विंडोजच्या जुन्या कन्सोलमधल्या गडद निळ्याचा काळ्यावरचा उठाव सूत्राने १.३ येतो. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे मूळ रंग बदलले आणि निळा बराच उजळ केला, तरी तो साडेचारच्या खालीच आहे.

निळ्याची आणखी एक अडचण डोळ्यातच आहे. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतल्या निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मुळातच थोड्या, आणि आपण ज्या बिंदूने बारीक अक्षर वाचतो त्या अगदी मध्यबिंदूत त्या नसतातच. शिवाय डोळ्याचे भिंग निळा प्रकाश लालपेक्षा जरा अलीकडे एकवटते. काळ्यावर लाल आणि निळे शब्द शेजारी आले की काहींना ते वेगवेगळ्या अंतरावर तरंगल्यासारखे दिसतात.

पण शाई म्हणून जो वाईट तो कागद म्हणून चांगला असू शकतो. भारतातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी बोर्लंडच्या 'टर्बो सी'मध्ये निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरे लिहिली. कोणाला ते जुनाट वाटते, पण गणित तपासले तर उठाव बारापेक्षा जास्त आहे. निळ्याचे वजन कमी, म्हणून तो गडद; पिवळ्याचे जास्त, म्हणून तो उजळ. रंगाचे नाव महत्त्वाचे नसते, उजळपणातले अंतर महत्त्वाचे असते.

बाहुली आणि वय

मग पाटी बरी की कागद? जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केले. २०१३ मध्ये 'अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात आलेल्या निबंधात त्यांनी तरुण आणि ज्येष्ठ अशा दोन्ही गटांना उजळ पार्श्वभूमीवर गडद आणि गडद पार्श्वभूमीवर उजळ असा मजकूर दाखवला. दोन्ही गटांची कामगिरी उजळ पार्श्वभूमीवर सरस ठरली. कामांपैकी एक होते मुद्रितशोधन. हे वाचताना मला खिडकीपाशी बसलेले अण्णा आठवले. पुढच्या वर्षीच्या निबंधात त्याचे कारण पुढे आले : उजळ पडद्यासमोर डोळ्याची बाहुली लहान होते. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केले की चित्र अधिक रेखीव येते, तसेच हे. अंधाऱ्या पडद्यासमोर बाहुली विस्फारते आणि डोळ्याच्या भिंगातले बारीकसारीक दोष उघडे पडतात. ज्यांच्या चष्म्याच्या नंबरात सिलिंड्रिकल असते त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे फुटल्यासारखी, कडांना धुके आल्यासारखी दिसतात ती यामुळे.

मात्र यावरून काळा पडदा वाईट, असा निकाल देता येत नाही. मोतीबिंदूसारख्या कारणाने डोळ्यातले माध्यम गढूळ झाले असेल तर उजळ पडद्याचा प्रकाश आत विखुरतो आणि अशा अनेकांना काळ्यावर पांढरे वाचणेच सोपे जाते. शिवाय प्रयोगात मोजतात ती अचूकता आणि वेग. रात्री अंधाऱ्या खोलीत पांढराशुभ्र पडदा डोळ्यांवर येतो, ते वेगळे. चाळिशीनंतर जवळचे पाहताना भिंगाची लवचीकता कमी पडते, बाहुली आपोआप लहान होत जाते, भिंग पिवळसर होते आणि दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश घटतो. पंचविशीत चालून गेलेली पुसट राखाडी पन्नाशीत चालत नाही. मराठीने वयाला आणि चष्म्याला 'चाळिशी' हा एकच शब्द दिला आहे, तो उगाच नाही.

निळ्या प्रकाशाविषयीही दोन शब्द. पडद्यातून येणारा निळा प्रकाश डोळे बिघडवतो, म्हणून खास काचांचा चष्मा घ्यावा, असे दुकानात सांगतात. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटना अशा चष्म्यांची शिफारस करत नाही, आणि २०२३ च्या कॉक्रन आढाव्यातही या काचांनी डोळ्यांवरचा ताण कमी होतो, असे दिसले नाही. डोळे चुरचुरण्याचे मोठे कारण साधे आहे : पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो.

शूनओव्हरचे सोळा रंग

हे सगळे ध्यानात घेऊन बांधलेल्या रंगयोजनांत ईथन शूनओव्हर यांची 'सोलराइज्ड' ही सर्वांत प्रसिद्ध. २०११ मध्ये ती आली. सोळा रंग : आठ पार्श्वभूमीचे आणि मजकुराचे, आठ ठळक करण्याचे. ते बसवताना त्यांनी यंत्राच्या लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांऐवजी 'सीआयई लॅब' ही १९७६ सालची मापनपद्धती वापरली. ही पद्धत माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजळपणा वेगळा मोजते. त्यामुळे गडद निळसर पार्श्वभूमीवरून फिकट दुधाळ पार्श्वभूमीवर गेले तरी रंगांच्या उजळपणातली अंतरे तीच राहतात. तेच आठ ठळक रंग पाटीवर आणि कागदावर दोन्हीकडे चालतात. शुद्ध काळे-पांढरे टाळून उठाव मुद्दाम मवाळ ठेवला आहे. उन्हात पुस्तक वाचणे आणि झाडाच्या सावलीत वाचणे यातला हा फरक.

मी ही योजना तीन वर्षे वापरली आणि मला ती आवडते. पण मोजून पाहिले. गडद बाजूला साध्या मजकुराचा उठाव सुमारे ४.८, उजळ बाजूला ४.१, आणि गडद बाजूच्या टिपांचा २.८. सावली सुखाची खरी, पण तिन्हीसांजेला त्याच झाडाखाली बारीक टाइप वाचवत नाही.

याच्या उलट टोकाला प्रोटेसिलाओस स्टाव्रू यांच्या 'मोडस' रंगयोजना आहेत. २०२२ मध्ये आलेल्या इमॅक्स या एडिटरच्या २८व्या आवृत्तीपासून त्या त्याच्यासोबतच मिळतात. मजकुराचा उठाव किमान ७ असावा, हे त्यांचे ध्येय आहे. पहिल्या दिवशी त्या जरा भगभगीत वाटतात. चौथ्या दिवशी आपण वाचत असतो, रंग दिसेनासे होतात. मला वाटते, चांगल्या रंगयोजनेची हीच खूण असावी.

डाल्टनचे डोळे

उठावाइतकाच दुसरा प्रश्न आहे तो रंगांवर अर्थ सोपवण्याचा. फाइलमध्ये काय वगळले आणि काय नवे आले, हे दाखवताना वगळलेले लाल आणि नवे हिरवे, असा सर्वत्र संकेत आहे. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुष युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे आठ असतात. स्त्रियांत हे प्रमाण फार कमी. इतर समाजांत आकडे वेगळे असतील, पण कुठल्याही मोठ्या कार्यालयात असे कोणीतरी असतेच.

अणुसिद्धांताचे जनक जॉन डाल्टन स्वतः असे होते. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या 'लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटी'पुढे त्यांनी स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे असे होत असावे, हा त्यांचा अंदाज होता, आणि मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ मध्ये ते वारले. द्रव स्वच्छ निघाला. डोळ्यांचे जे अवशेष जपून ठेवले होते त्यांतल्या डीएनएची १९९५ मध्ये तपासणी झाली, तेव्हा कळले की हिरव्याला प्रतिसाद देणारे रंगद्रव्यच त्यांच्याकडे नव्हते. दोनशे वर्षांनी उत्तर मिळाले.

माझ्या एका सहकाऱ्याचे तसेच आहे. पाच वर्षे शेजारी बसूनही मला ते ठाऊक नव्हते. लाल-हिरव्या ओळी तो रंगाने ओळखतच नव्हता. ओळीच्या आरंभी असलेले अधिक आणि वजा हे चिन्ह पाहून वाचत होता. चिन्ह होते म्हणून त्याचे अडले नाही. रंग मदतीला असावा, पण अर्थ एकट्या रंगाच्या भरवशावर सोडू नये. 'मोडस'मध्ये अशा डोळ्यांसाठी हिरव्याच्या जागी निळा वापरणारी वेगळी आवृत्तीच आहे.

निवड कशी करावी?

माझ्यापुरते जे ठरले ते सांगतो. आधी खोली पाहावी, मग पडदा. पडद्याचा उजेड भोवतालच्या उजेडाच्या जवळपास असावा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरावा; पडदा दिव्यासारखा भासला तर उजेड जास्त आहे, करडा भासला तर कमी. दिवसा उजेडाच्या खोलीत फिकट पार्श्वभूमी, कारण काळ्या काचेत आपलेच तोंड दिसते. रात्री गडद पार्श्वभूमी, पण खोलीत एक दिवा चालू ठेवून.

दुसरे, रंगयोजना निवडण्याआधी पडदा काही वेळ कृष्णधवल करून पाहावा. ही सोय हल्ली मोबाइलमध्येही असते. रंग गेल्यावर जो शब्द बुडतो, तो उठावात कमी आहे. तेही नको असेल तर दोन पावले मागे जाऊन डोळे किलकिले करावेत.

तिसरे, रंग थोडे असावेत. प्रत्येक शब्द रंगवला की अण्णा म्हणत तसे, बघायचे काय, हेच कळत नाही. रंगांनी प्रोग्राम जास्त समजतो, हेही गृहीत धरू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवशिक्या विद्यार्थ्यांच्या आकलनात रंगांमुळे फरक आढळला नव्हता.

चौथे, देवनागरीसाठी. लॅटिन अक्षरांसाठी बेतलेल्या पुसट रंगात आपली लिपी आधी हरते. जोडाक्षरांची पोटे भरतात, रफार शिरोरेषेत विरतो, अनुस्वार तर दिसेनासाच होतो. चिता आणि चिंता यांत अंतर एका टिंबाचे, असे आपण म्हणतो. पडद्यावर ते टिंब टिकायचे तर मराठी मजकुराला आकार एक-दोन अंकांनी मोठा आणि उठाव सातच्या वर हवा.

पाचवी गोष्ट टिपांची. बहुतेक गाजलेल्या योजना टिपा फिकट करतात, कारण संगणकाच्या दृष्टीने त्यांना अर्थ नाही. यंत्र जे वाचत नाही ते बिनमहत्त्वाचे, ही समजूत त्या रंगात बसलेली आहे, आणि ती आपण न तपासता आपल्या डोळ्यांवर चढवून घेतो. खरे तर यंत्राला कोणताच रंग दिसत नाही. रंग माणसासाठी आहेत, आणि टीपही माणसासाठीच आहे. असे का केले, इथे काय सांभाळावे, मागच्या खेपेला कुठे ठेच लागली, हे सगळे टिपेतच असते. पोथीच्या लेखनिकाने टीकेची शाई पातळ केली नाही; आपण का करावी?

त्या प्रसंगानंतर मी माझ्या एडिटरमधला एकच रंग बदलला. टिपांचा राखाडी काढून तिथे पिवळट पांढरा आणला. प्रोग्राममधले बाकी शब्द एक पायरी खाली उतरवले. आता फाइल उघडली की पहिल्यांदा माणसांचे बोलणे दिसते. त्यातल्या कित्येक टिपा निरुपयोगी असतात, काही शिळ्या झालेल्या, काही चक्क चुकीच्या. पण चुकीची टीप दिसली की ती दुरुस्त तरी करता येते.

पतसंस्थेच्या त्या फाइलमधली ओळ अजून आहे. लिहिणारा कोण, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मी त्या ओळीखाली देवनागरीत एक ओळ वाढवली : वरची सूचना खरी आहे, ती न वाचल्यामुळे एकदा चाळीस पासबुके खोडावी लागली आहेत.